जेलची ड्युटी आणि डोक्यावरचा ताण : नवीन भरती झालेल्या पोरापोरींसाठी

मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या पोराचा फोन आला. कारागृह शिपाई म्हणून लागून त्याला आठेक महिने झालेत, पहिलीच पोस्टिंग मोठ्या सेंट्रल जेलला. म्हणाला, काका, घरी आलो की बायको काय बोलते ते ऐकू येतं पण डोक्यात शिरत नाही, आणि परवा पोरगं अचानक मोठ्याने किंचाळलं तर मी काठी शोधायला लागलो. एवढं बोलला आणि गप्प बसला. मी शिपाई म्हणून लागून सुभेदार होऊन रिटायर झालो, २७ वर्षं या खात्यात काढली, त्यामुळे ती गप्प बसण्याची जागा मला चांगली ओळखीची आहे. त्याला फोनवर जे सांगितलं ते आणि त्यात राहून गेलेलं, सगळं इथे लिहितोय. तुमच्या ट्रेनिंगमध्ये परेड, कायदा, हत्यार सगळं शिकवतात, पण डोकं कसं सांभाळायचं ते बहुतेकांना ड्युटीवरच ठेचा खात शिकावं लागतं.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ताण येतोय म्हणजे तुम्ही कच्चे आहात असं नाही, या कामाची मांडणीच अशी आहे की ताण येणारच. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशभरातल्या जेलमध्ये क्षमतेच्या १३१ टक्के बंदी म्हणजे कैदी होते, आणि चारातले तीन न्यायाधीन म्हणजे आपल्या भाषेत कच्चे कैदी. मॉडेल प्रिझन मॅन्युअल, म्हणजे केंद्र सरकारची जेलसाठीची नमुना नियमावली, म्हणतं सहा बंद्यांमागे एक गार्ड हवा, आणि प्रत्यक्षात देशभरात मंजूर पदांपैकी साधारण तीस टक्के रिकामीच पडलेली असतात. आता हा हिशोब बराकीच्या दारात उभं राहून करा. दीडशे दोनशे माणसं, एक तुम्ही, हातात चाव्या आणि काठी. त्यात कच्च्या कैद्याचं असं असतं की त्याला आपलं पुढे काय होणार तेच माहीत नसतं. आज तारीख आहे म्हणून पहाटेपासून दाढी करून तयार बसतो आणि अकरा वाजता कळतं की पोलिस गार्ड आली नाही, कोर्टात नेणार नाहीत. त्याला जज दिसत नाही, वकील दिसत नाही, त्याच्यासमोर खाकीतला माणूस एकच, तुम्ही. मग सगळा राग तिथे निघतो. हे जेवढ्या लवकर समजेल तेवढं बरं, कारण मला पहिली पाच वर्षं वाटायचं की हे लोक मलाच शिव्या देतायत, आणि मी रात्री पडल्या पडल्या मनात त्यांना उत्तरं देत बसायचो.

दुसरं म्हणजे खात्याच्या नावातच कारागृह आणि सुधारसेवा असे दोन शब्द आहेत आणि दोन्ही कामं एकाच अंगावर येतात. सकाळी ज्याची झडती घेताना तुम्ही त्याच्यावर काडीचा विश्वास ठेवायचा नाही, दुपारी त्यालाच शाळेच्या वर्गात किंवा कारखान्यात माणूस म्हणून उभं करायचं. ही ओढाताण खरी आहे. ती कोणाची सुटत नाही, सवयीने फक्त पेलता येते.

आत जाताना

दिंडी दरवाज्यातून वाकून आत गेलात की मोबाईल बाहेर राहिला. नवीन पोरांचा अर्धा जीव तिथेच अडकतो, घरी आई आजारी, बायको दिवसात, आणि आठ आठ तास काही कळणार नाही, रिलिव्हर म्हणजे बदलीचा माणूस आला नाही तर बारा. यावर उपाय साधा आहे पण जवळजवळ कोणी करत नाही. घरच्यांना ऑफिसचा लँडलाईन नंबर लिहून द्या, भिंतीवर चिकटवा, आणि बाहेरच्या पोस्टवर असणाऱ्या एका दोस्ताला सांगून ठेवा की घरून फोन आला तर आत निरोप पाठव. निरोप येण्याची सोय आहे एवढं माहीत असलं तरी मन जागेवर राहतं.

दहा पंधरा मिनिटं आधी पोहोचा. चार्ज घेताना नुसती सही ठोकू नका. गिनती स्वतः करा, कुलपं हलवून बघा, आणि आधीच्या शिपायाला तीन गोष्टी विचाराच : आज कोणाचा जामीन किंवा पॅरोल फेटाळला, कोणाच्या घरून वाईट बातमी आली, कोणाचं कोणाशी वाजलं. बराकीत काय शिजतंय ते माहीत नसणं हीच सगळ्यात मोठी भीती असते हो, माहीत असलं की ती निम्म्यावर येते. माझ्या खिशात एक छोटी वही असायची, त्यात हेच लिहायचो. सरकारी रजिस्टर वेगळं, ही माझ्या स्वतःसाठी.

बोलण्याचं सांगतो. आवाज जितका खाली ठेवाल तितकी ताकद उरते, दिवसभर ओरडणारा शिपाई संध्याकाळी रिकामा होतो आणि बंद्यांनाही त्याच्या ओरडण्याचं काही वाटेनासं होतं. नावाने हाक मारा. "करून देतो" हा शब्द तोंडातून काढू नका, जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द दिला की उद्या तोच माणूस शंभर जणांसमोर तुम्हाला विचारणार. "साहेबांना सांगतो, संध्याकाळपर्यंत हो की नाही ते येऊन सांगतो" असं म्हणा आणि खरंच येऊन सांगा, नाही असलं तरी सांगा. नाही ऐकून घेणारे खूप असतात, ताटकळत ठेवलेलं कोणालाच सहन होत नाही.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. तंबाखूची पुडी, बाहेर द्यायची चिठ्ठी, एक फोन, असलं काही कधीच करू नका, कितीही गरीब चेहऱ्याने मागितलं तरी. माझ्यासोबतच्या एका चांगल्या पोराने दया येऊन एकाच्या बहिणीपर्यंत निरोप पोहोचवला, पैसे नाही घेतले काही नाही. पुढच्या महिन्यात त्याच माणसाने दुसरं काम सांगितलं आणि नाही म्हटल्यावर पहिल्याची आठवण करून दिली. त्या पोराची झोप गेली, वजन दहा किलो उतरलं, आणि आम्हाला वाटत होतं त्याला कावीळ झालीय. ताण कमी करायचा असेल तर लपवावं लागेल असं काही खिशात घेऊन आत जायचंच नाही. आणि चुकून झालंच असेल तर पहिल्याच दिवशी वरिष्ठाला जाऊन सांगा, पहिल्या दिवशीची बोलणी खाऊन होतात, सहा महिन्यांनंतरची नाही.

मारामारी, धोक्याची घंटा आणि त्यानंतरची पंधरा मिनिटं

घंटा वाजली की शरीर स्वतःच तयार होतं, छाती धडधडते, तोंड सुकतं, कानात आवाज कमी येतो. त्यावेळी जे शिकवलंय तेच करा, एकटे मध्ये घुसू नका. पण प्रश्न नंतरचा असतो. सगळं शांत झाल्यावर हात थरथरतात आणि पोरांना लाज वाटते, मग ती लपवायला मोठमोठ्याने हसतात किंवा उगाच एखाद्या बंद्यावर खेकसतात. थरथर म्हणजे घाबरटपणा नव्हे, अंगात जे उसळलं ते बाहेर पडतंय. चाला. पाणी प्या. नाकाने श्वास घ्या, चार आकडे मोजत, आणि तोंडाने सहा सात आकडे मोजत सावकाश सोडा, असं आठ दहा वेळा. श्वास सोडणं लांबवलं की हृदयाचे ठोके उतरतात, हे कुठेही जमतं, टॉवरवर उभ्या उभ्या पण. लगेच मोटरसायकल काढून घरी पळू नका.

नाईट

पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, त्यावेळी डुलकी येणं हा आळस नाही. म्हणून त्या वेळात बसूच नका, फेऱ्या मारा, जाळीपाशी जाऊन प्रत्येक झोपलेल्या माणसाचा श्वास चालतोय का बघा, ते तसंही आपलं काम आहे. चहा रात्रीच्या पहिल्या भागात घ्या. चहाकॉफीतलं कॅफीन पाच सहा तासांनी सुद्धा अर्धं अंगात शिल्लक असतं, त्यामुळे चारचा चहा सकाळी नऊची झोप खातो. डबा हलका न्या, भाकरी भाजी, मुगाची खिचडी. गेटवरचे वडे रात्री अडीच वाजता खाऊन माझं पोट जे बिघडलं ते अजून बिघडलेलंच आहे.

सकाळी घरी जाताना ऊन डोळ्यावर घेऊ नका, गॉगल लावा, खोली काळोखी करा, जाड चादर खिडकीला ठोकली तरी चालते. मोबाईल दुसऱ्या खोलीत. सलग सात तास नाही जमलं तर पाच सकाळी आणि दोन संध्याकाळी असे तुकडे करा. शेजाऱ्यांना सांगा. डोळे मिटत असतील तर लांबचा रस्ता गाडीवर कापू नका, लाईनीतल्या, म्हणजे स्टाफच्या वसाहतीतल्या कोणाच्या क्वार्टरमध्ये तासभर पडा आणि मग निघा.

घराचा उंबरठा

हा भाग मला सगळ्यात उशिरा कळला. आत आठ दहा तास माणूस ताणलेल्या दोरीसारखा असतो, कोण मागे उभंय, कोणाचा हात खिशात गेला, सगळीकडे लक्ष. बाहेर आल्यावर तीच दोरी एकदम सैल पडते, आणि जेवढी ताणली होती तेवढीच खाली जाते. मग घरी आलेला माणूस पलंगावर पडतो, मोबाईल चाळतो, भाजी कोणती करू विचारलं तरी "कर काहीतरी" म्हणतो. बायकोला वाटतं याला आपल्यात रसच उरला नाही. रस असतो, अंगात त्राण नसतं. आणि उलटं पण होतं, जेलची भाषाच घरात येते, पोरांना लाईनीत उभं करणं, दप्तर तपासणं, प्रत्येक उत्तरावर संशय. माझी मुलगी नववीत असताना म्हणाली होती, बाबा मी बंदी नाहीये. ते वाक्य अजून विसरलो नाही.

तर मध्ये एक पायरी ठेवा. युनिफॉर्म घरात शिरताच उतरवा, शक्य असेल तर लाईनीतच बदला. हातपाय धुवा, अंघोळ केली तर उत्तम. मग वीस मिनिटं कोणाशी न बोलता, पण मोबाईल न घेता, बसा किंवा चाला. घरच्यांना आधीच समजावून सांगा की ही वीस मिनिटं मला द्या, त्यानंतर मी तुमचा. आणि मग खरंच त्यांचे व्हा, नाहीतर वीस मिनिटांचे तीन तास कधी होतात कळत नाही. मी चपला काढताना चाव्यांचा जुडगा जमा केल्याची आठवण मुद्दाम करायचो, की दिल्या, आता त्या दुसऱ्याच्या हातात आहेत.

क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांना आणखी एक अडचण. भिंतीपलीकडे जेल, शेजारी जेलवाले, लग्नाला गेलो तरी जेलच्याच गप्पा. बाहेरचा एक तरी धागा जपा. तालीम, भजनी मंडळ, गावाकडची शेती, संध्याकाळचा क्रिकेट, काहीही, जिथे तुम्हाला कोणी साहेब किंवा शिपाई म्हणत नाही.

दारूबद्दल लांबण लावत नाही. झोप येण्यासाठी पिताय असं वाटत असेल तर ती झोप नाही, मध्यरात्री डोळे उघडतातच. आठवड्याला किती वेळा होते ते वहीत लिहा, आकडा बघून तुम्हालाच कळेल. कर्जाचं पण तसंच, हप्ता पगाराच्या मानाने झेपेल एवढाच ठेवा, कारण कर्जात बुडालेला शिपाई कोण आहे हे बराकीत सगळ्यात आधी कळतं.

आत कोणी मरतं तेव्हा

हे लिहायला जड जातंय पण लिहिलंच पाहिजे. माझ्या नोकरीच्या अकराव्या वर्षी माझ्या नाईटला एका तरुण पोराने जीव दिला. मी आधीची फेरी मारली तेव्हा त्याने मला वेळ विचारली होती. पुढचे सगळे दिवस मला तेच आठवत राहिलं, की मी वेळ सांगितली आणि पुढे गेलो.

कोठडीत मृत्यू झाला की २४ तासात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं, मॅजिस्ट्रेटची चौकशी लागते, आणि ते योग्यच आहे, मेलेल्या माणसाच्या आईला उत्तर मिळायला हवं. पण त्यात ड्युटीवरच्या शिपायाला तेच प्रश्न पाच वेळा, पाच वेगवेगळ्या टेबलांवर विचारले जातात आणि तू जेवलास का हे एकदाही कोणी विचारत नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर, त्याच दिवशी, कोणाशी चर्चा करण्याआधी, वेळेनुसार जे पाहिलं आणि जे केलं तेवढंच स्वतःच्या हाताने लिहून ठेवा. अंदाज लिहू नका. रजिस्टरमधलं एक अक्षर मागाहून बदलू नका, कोणी सांगितलं तरी. खरं लिहिलेलं असलं की प्रत्येक जबाबाच्या आदल्या रात्री पाठांतर करावं लागत नाही, यात केवढी सुटका आहे ते मी अनुभवलंय.

त्या रात्री एकटे राहू नका. बायकोला किंवा भावाला निदान एवढं सांगा की आज आत एक वाईट गोष्ट झाली आणि मी तिथे होतो. पुढचे काही आठवडे स्वप्नं पडतील, दचकायला होईल, जेवण जाणार नाही, हे बहुतेकांना होतं आणि हळूहळू उतरतं. महिना होऊन गेला तरी तसंच असेल, किंवा त्या बराकीकडे पाय वळेनासे झाले असतील, तर डॉक्टरकडे जा, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेली मानस नावाची सरकारी हेल्पलाईन २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मी त्यावेळी कोणाकडे गेलो नाही. सर्व्हिस बुकात वेडा म्हणून नोंद होईल अशी भीती होती, आणि दोन वर्षं मी घरात असून नसल्यासारखा होतो. ती दोन वर्षं माझ्या पोरांना मी परत देऊ शकत नाही.

आणि सोबतचा कोणी "मी नसलो तर बरं होईल" असं काही बोलला, चेष्टेत बोलला तरी, तर सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतोय का. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, हत्याराच्या पोस्टवर पाठवू देऊ नका, सुभेदाराला लगेच सांगा.

करपायला लागल्याची खूण

ताण आणि करपणं यात फरक आहे. ताणात माणूस चिडतो, धावपळ करतो. करपलेला माणूस चिडतही नाही. सकाळी उठतानाच थकलेला असतो, बंदी त्याला माणसं न वाटता गिनतीतला आकडा वाटतात, कोणी रात्रभर खोकला तरी ऐकू येत नाही, आणि आपल्या कामाने काही फरक पडतो असं वाटेनासं होतं. माझ्या ओळखीचे कितीतरी लोक या अवस्थेला "अनुभव आला" म्हणायचे, कडक झालाय म्हणून कौतुक व्हायचं. मला ते कधी पटलं नाही. असं स्वतःत दिसलं तर रजा घ्या, शिल्लक रजा निवृत्तीला पैसे करून घ्यायच्या म्हणून साठवणारे मी खूप बघितलेत, आणि परत आल्यावर काही महिने तरी वेगळी जागा मागा : कारखाना, शेती, मुलाखत कक्ष, ऑफिस. एकाच यार्डात वर्षानुवर्षं राहू नका.

महिला कर्मचाऱ्यांचं थोडं वेगळं सांगायला हवं. महिला विभागात आईसोबत सहा वर्षांपर्यंतची लेकरं राहतात. माझ्या बरोबरच्या एक ताई सांगायच्या की स्वतःचं तापातलं पोर सासूकडे टाकून यायचं आणि इथे दुसरीचं पोर "मावशी बाहेर चल" म्हणून साडीला लोंबकळतं, त्यावेळी कुठे बघावं कळत नाही. त्यांनी आपल्या पाच सहा जणींचा एक गट केला होता, आठवड्यातून एकदा ड्युटी संपल्यावर अर्धा तास चहा, त्यात जेलचं काहीही बोललं तरी कोणी सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं. पुरुषांच्या लाईनीत असं काही मी बघितलं नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मोठ्या जेलमधल्या स्टाफला आतच मुक्कामी ठेवलं होतं, त्यातली पोरं मला नंतर म्हणाली की भीती खूप होती पण रात्री एकत्र स्वयंपाक करून बोलत बसायचो म्हणून निभावलं. तेव्हा जमलं तर एरवीही जमेल, सुरुवात तुम्ही करा, दोघांपासून करा.

कोणी हवालदार, तुरुंगाधिकारी वाचत असेल तर साहेब, तुमच्यासाठी पण दोन गोष्टी. ड्युटीचा तक्ता निदान आठवडाभर आधी लावा, माणूस पोराच्या वाढदिवसाला नाही येऊ शकला तरी चालतं पण ते आदल्या रात्री कळलं तर तुटतो. आणि चूक खोलीत बोलावून सांगा, बंद्यांसमोर शिपायाला झापू नका, त्याला त्याच लोकांमध्ये एकट्याला परत उभं राहायचं असतं.

आता घरच्यांसाठी. आल्या आल्या "आज काय झालं" विचारू नका, त्याला काय झालं ते सांगताच येत नाही, आणि काही गोष्टी सांगायच्या नसतातच. त्यापेक्षा "आज कोण होतं सोबत" असं विचारा. नाव सांगेल. मग त्या माणसाबद्दल दोन शब्द बोलेल, आणि कधी कधी त्यातूनच बाकीचं बाहेर येतं.